दुबईला नोकरी, थोरली नववीत जाणार: इंटरनॅशनल शाळेत नेमकं काय बघायचं?

अंत्रुजकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. इथं सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

राहतो फोंड्याला, नोकरी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. आता दुबईत नोकरी पक्की झालीय, एप्रिलच्या आत रुजू व्हायचंय. थोरली आठवीत आहे, गोवा बोर्ड, इंग्रजी माध्यम. धाकटा दुसरीत, सरकारी मराठी शाळेत. (त्याला मराठीत घातला म्हणून सोयऱ्याधायऱ्यांकडून जे ऐकून घेतलं तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

कंपनीच्या माणसानं चार शाळांची नावं पाठवलीत. चारही नावांत ‘इंटरनॅशनल’ आहे. एक आयबीची (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), दोन ब्रिटिश, एक सीबीएसई. फीचे आकडे बघून बायको म्हणाली, एवढ्यात फर्मागुडीला फ्लॅटचे हप्ते सुटतील. कंपनी शाळेसाठी भत्ता देणार आहे, पण सगळं त्यात भागणार नाही हे दिसतंच आहे.

शाळांच्या वेबसाइटवर पोहण्याचा तलाव आणि हसरी पोरं याखेरीज काही सापडत नाही. ज्यांनी मुलं तिकडे शिकवलीत त्यांनी सांगावं. बघायचं काय, विचारायचं काय, आणि कुठले कागद इथूनच करून न्यायचे? पाच वर्षांत परत यायचा विचार आहे, पण नक्की नाही.

टिवल्याबावल्या | ८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

‘पाच वर्षांत परत यायचा विचार आहे.’ आमचे काका १९८४ साली हेच म्हणून गेले. अजून मस्कतात आहेत.

माटोळी | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

टिवल्या, तू चेष्टेत बोललास, पण या धाग्याची खरी गाठ तिथंच आहे.

अंत्रुजकर, आम्ही नऊ वर्षं दुबईत काढून म्हापशाला परत आलो. तुम्ही विचारताय शाळा कुठली चांगली. मी तुम्हाला उलट विचारते, थोरलीची बारावी कुठे होणार? याचं उत्तर नवरा-बायकोनं बसून आधी काढा, मग शाळांची यादी उघडा. आम्ही उलटं केलं. इमारत बघितली, वाचनालय बघितलं, एका बाईंचं गोड इंग्रजी ऐकलं आणि पैसे भरून मोकळे झालो.

आमचं काय झालं ते सांगते. मुलगा ब्रिटिश शाळेत अकराव्या वर्षाला होता. त्यांचं ‘इयर ११’ म्हणजे आपली दहावी, त्यांचा आकडा आपल्यापेक्षा एकनं पुढे असतो. नोव्हेंबरात यजमानांच्या कंपनीचं काम गुंडाळलं. भत्ता त्याच महिन्यात बंद. फीचा हप्ता थकला आणि शाळेनं टीसी अडवली. तशी ताकीद करारात बारीक अक्षरात होतीच, आम्ही वाचली नव्हती. इथली ठेव मोडून पैसे भरले. मुलानं मे-जूनमध्ये आयजीसीएसईची, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या तोडीची परीक्षा दिली आणि आम्ही सामान बांधलं.

गोव्यात उतरतो तर अकरावीचे प्रवेश आटपत आलेले. गोवा बोर्डाची पोरं निकाल घेऊन वर्गात बसली आणि आमचा निकाल यायचा ऑगस्टमध्ये! दोन महिने मी हायर सेकंडरीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी एका प्राचार्यांनी हमीपत्र लिहून घेऊन बसू दिलं. पुढे कळलं की भारतातल्या केंब्रिज शाळांना मार्चमध्येही परीक्षा देता येते आणि निकाल मेमध्ये हातात पडतो. पण ती मार्चची फेरी भारतापुरतीच आहे, दुबईच्या पोराला त्याचा उपयोग नाही.

म्हणून सांगते. बारावी भारतात करायची असेल किंवा पुढे नीट-जेईई डोक्यात असेल तर सीबीएसईची वाट सरळ आहे. शैक्षणिक वर्ष एप्रिलचं, निकाल मेमध्ये, आणि फर्मागुडीपासून फरिदाबादपर्यंत कुठंही तोच अभ्यासक्रम. ब्रिटिश आणि आयबीवाल्यांचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू होतं.

आता तुमच्या थोरलीचं. सीबीएसई नववीत आणि अकरावीत मुलांची नोंदणी करतं. दहावीला किंवा बारावीला मधेच प्रवेश हवा असेल तर पालकांची बदली वगैरे कारण कागदावर दाखवावं लागतं, शिवाय विषय जुळावे लागतात. म्हणजे या एप्रिलात नववीला बसवलीत तर वेळ अचूक आहे. ‘आधी तुम्ही जा, आम्ही पुढच्या वर्षी येतो’ असं मात्र करू नका. ब्रिटिश शाळेत घालायची तर ऑगस्टअखेर ‘इयर १०’ला. आयजीसीएसईचा दोन वर्षांचा अभ्यास तिथून सुरू होतो. एक वर्ष उशिरा गेली तर अर्धा अभ्यास सुटलेला असेल.

बाकीचं संध्याकाळी लिहिते, पाववाला पोदेर आला.

स्पष्टवक्ता_मडगाव | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

माटोळीताईंचा अनुभव त्यांच्या जागी खरा, पण मला पटत नाही. एवढं दुबईला जाऊन पुन्हा गाईड पाठ करायची? माझी दोन्ही मुलं ब्रिटिश शाळेत शिकली. वर्गात पंचविशीच्या आत मुलं, प्रयोगशाळेत स्वतःच्या हातानं प्रयोग, वर्गापुढे उभं राहून बोलायची सवय. सीबीएसईच्या स्वस्त शाळांत वर्ग खचाखच भरलेले असतात. परतीच्या भीतीनं शाळा निवडायची तर मग जाताच कशाला?

माटोळी | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५

स्पष्टवक्ते, ब्रिटिश शाळा वाईट असं मी कुठं म्हटलं? माझा मुलगा तिथं पाच वर्षांत जे बोलायला शिकला ते मी पन्नाशीत शिकतेय. तुमची मुलं पुढे कुठं गेली?

स्पष्टवक्ता_मडगाव | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ७:४०

एक मँचेस्टरला, एक तिथंच दुबईत.

माटोळी | ९ फेब्रुवारी, रात्री ८:०२

मग माझंच म्हणणं खरं झालं की हो! तुमची वाट परतीची नव्हतीच.

आता उरलेलं.

‘इंटरनॅशनल’ हा शब्द कुणीही पाटीवर लावू शकतो. त्याला परवाना लागत नाही. आपल्याकडे नाही का, पत्र्याच्या शेडमध्ये बालवाडी आणि वर ‘ग्लोबल’! तेव्हा पाटी सोडा, कागद बघा. आयबीची शाळा असेल तर तिला मान्यता मिळालीय की अजून ‘कॅंडिडेट’ म्हणजे उमेदवार आहे? आयबीच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की कळतं. ब्रिटिश शाळा असेल तर ‘ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज’ची तपासणी झालीय का विचारा, ती ब्रिटिश सरकारची योजना आहे.

दुबईत खाजगी शाळांवर केएचडीएची देखरेख असते. २००६ पासूनची संस्था. ती शाळा तपासून शेरा देते: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, ॲक्सेप्टेबल, वीक, व्हेरी वीक. शाळा तो शेरा बसवरसुद्धा रंगवून घेतात. तुम्ही तारीख बघा. २०२४-२५ मध्ये सगळ्या शाळांच्या पूर्ण तपासण्या झाल्या नाहीत, नव्या शाळांपुरत्या झाल्या. म्हणजे बसवरचा शेरा जुना असू शकतो, तेव्हाचे मुख्याध्यापक कधीच गेलेले असतील. पूर्ण अहवाल वाचायला मिळतो. शेरा सोडून आतलं वाचा, विषयवार लिहिलेलं असतं. आमच्या शाळेच्या अहवालात वरच्या वर्गांचं गणित कच्चं आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही पहिलं पान बघून खूश झालो होतो.

फीचंही तसंच. दुबईत शाळेला मनाला येईल तशी फी वाढवता येत नाही, सरकार दरवर्षी मर्यादा ठरवतं. २०२४-२५ साठी ती २.६ टक्के होती. पण मुलगा वरच्या वर्गात गेला की त्या वर्गाची फीच जास्त असते. ती या मर्यादेत धरत नाहीत. म्हणून यंदाची फी विचारू नका. थोरली बारावीला पोचेपर्यंतच्या सगळ्या वर्गांचा तक्ता मागा. बस, गणवेश, पुस्तकं, टॅबलेट, परीक्षेची फी, सगळं वेगळं. दिरहमाला चोवीस रुपये धरून चला. वर्षाला साठ हजार दिरहमांची शाळा म्हणजे चौदा लाखांच्या वर, तेही एका मुलाचे. सीबीएसईत याच्या चौथ्या हिश्श्यातसुद्धा भागू शकतं.

कंपनीशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या. भत्ता किती मुलांसाठी? पैसे थेट शाळेला जाणार की तुम्ही भरून पावती द्यायची? आणि नोकरी वर्षाच्या मध्येच सुटली तर चालू सत्राचं काय? तिसऱ्यावर कंपनीचा माणूस हसेल. हसू दे, पण लेखी घ्या.

शाळेत गेल्यावर तलाव बघू नका. विचारा, मागच्या जूनमध्ये किती शिक्षक सोडून गेले? तिकडे बरेच शिक्षक दोन वर्षांच्या करारावर येतात. आमच्या मुलाला दोन वर्षांत तीन फिजिक्सचे शिक्षक झाले.

आणि सगळ्यात मोठं दुःख, चवथ, आपली गणेश चतुर्थी! गेल्या वर्षी (२०२५) यूएईतल्या शाळा २५ ऑगस्टला उघडल्या आणि चवथ होती २७ ला. नवा वर्ग, नवे शिक्षक, तिसऱ्या दिवशी रजा कशी मागणार? यंदा १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे वर्ग पुरता सुरू झालेला. नऊ वर्षांत आम्ही दोनदा घरच्या गणपतीला आलो. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची मांडणी, बांधायला सासरे एकटेच शिडीवर. या आयडीचं नाव तिथूनच आलंय.

टिवल्याबावल्या | ९ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आणि उन्हाळ्याची सुट्टी जुलै-ऑगस्टात. म्हणजे पोरांना आजोळ कायम पावसात भिजलेलंच दिसणार. मानकुराद आंबा फोटोत.

रातांबा | १० फेब्रुवारी, दुपारी १:१०

आयबीवर थोडं लिहितो, मुलगी त्यातून गेली.

अकरावी-बारावीच्या ठिकाणी आयबीचा दोन वर्षांचा डिप्लोमा असतो. सहा विषय, प्रत्येकी ७ गुण, म्हणजे ४२. वर तीन गुण निबंध, ज्ञानमीमांसा वगैरेंचे, एकूण ४५. पास व्हायला निदान २४ लागतात. चार हजार शब्दांचा निबंध स्वतः संशोधन करून लिहायचा असतो. मुलीनं खारफुटीवर लिहिला, चोडणला येऊन फोटो काढून गेली. तिला त्यातून खूप मिळालं, हे आधीच कबूल करतो.

भारतात हा डिप्लोमा बारावीसमान धरतात. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, समकक्षतेचा दाखला देते. इथवर सगळं ठीक. खरा घोळ विषयांचा आहे आणि तो शाळेतलं कुणी आपणहून सांगत नाही.

एक. गणिताचे दोन वेगळे कोर्स आहेत, ‘ॲनालिसिस’चा आणि ‘ॲप्लिकेशन्स’चा. दुसरा सोपा वाटतो म्हणून मुलं तो घेतात. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर पहिला घ्या, तोही हायर लेव्हलला.

दोन. वैद्यकीय. नीटला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी तिन्ही लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच विषय बसतात, कारण दोन भाषा, सामाजिक शास्त्रांतला एक विषय आणि गणित सक्तीचं. तिसरं विज्ञान घ्यायचं तर भारतात मेडिकलला जायचंय असं कारण देऊन शाळेला आयबीकडून खास मंजुरी घ्यावी लागते. ती अकरावी सुरू होण्याआधीच घ्यावी लागते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एकाला हे बारावीत कळलं. पुढचं सांगायला नको.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, म्हणजे केंब्रिजच्या आधी. तरी एआययूचा दाखला हातात पडेपर्यंत जीव वर-खाली होतोच.

कुळागर | १० फेब्रुवारी, रात्री ९:५५

सिंगापूरहून. दुबईचं मला ठाऊक नाही, पण भाषेचं सांगतो, कारण सगळे फीवर बोलतायत आणि हे कुणीच बोलत नाही.

इथं सरकारी शाळेत परदेशी मुलाला जायचं तर एईआयएसची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, जागा मिळेलच याची हमी नाही. मिळाली तर मातृभाषा हा विषय असतोच. भारतीयांसाठी तमिळ, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू. मराठी यादीत नाही! आमचा मुलगा ‘मातृभाषा’ म्हणून हिंदी शिकतो आणि घरी मला ‘बाबा, पानी दो’ म्हणतो.

अंत्रुजकर, तुमचा धाकटा मराठी शाळेतला आहे. त्याची काळजी थोरलीपेक्षा जास्त घ्या.

मास्तर_साखळी | ११ फेब्रुवारी, पहाटे ५:३०

कुळागर, बरोबर बोट ठेवलंत. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. आखातात जाऊन आलेली मुलं माझ्या वर्गात बसली आहेत.

अंत्रुजकर, दुबईच्या खाजगी शाळांत अरबी सक्तीची असते, अरब नसलेल्या मुलांनाही साधारण नववीपर्यंत. म्हणजे थोरलीला एक वर्ष, धाकट्याला सगळी वर्षं. यात वाईट काही नाही, मुलं भाषा भराभर उचलतात. पण इंग्रजी, अरबी आणि तिसरी एक भाषा, यात मराठीला जागा शाळेकडून मिळणार नाही. सीबीएसईच्या यादीत मराठी आहे, पण तिकडच्या शाळेत ती शिकवणारं कुणी हवं ना!

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. दुसरी भाषा निवडायची वेळ आली की मुलं फ्रेंच मागतात, गुण पडतात म्हणून. तुम्ही हिंदी घ्या. मला हिंदीचं प्रेम उतू चाललेलं नाही, पण देवनागरी अक्षर तरी डोळ्यांखाली राहतं. अक्षर राहिलं तर मराठी घरी वाढवता येते.

आता कागद. टीसीवर मुलाचं नाव पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्या गोव्यात हा मोठा घोळ. बापाच्या जुन्या नोंदीत ‘नाईक’ पोर्तुगीज वळणानं लिहिलेला, शेवटी ‘क्यू-यू-ई’, पासपोर्टात ‘के’, आणि शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी लिहिलं तसं. आडनाव दोन शब्दांचं असेल तर एका कागदावर दोन्ही, दुसऱ्यावर एकच. हे मार्चच्या आत तपासा. वार्षिक परीक्षेनंतर शाळेत क्लार्क भेटत नाही. टीसीवर ‘आठवी उत्तीर्ण, नववीस पात्र’ असं स्पष्ट हवं.

सही मुख्याध्यापकांची, त्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास. तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. अपोस्टिल नावाचा एकच शिक्का पुष्कळ देशांना चालतो, आपला देश त्यात २००५ पासून आहे. यूएई नाही, म्हणून ही लांबण. दलालाला दिलं तर पैसे जातील पण फेऱ्या वाचतील. प्रगतिपुस्तकं दोन-तीन वर्षांची, लसीकरणाचं कार्ड, जन्मदाखला. सगळ्याच्या चार-चार प्रती.

बार्देशकार | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१८

विषय निघालाच आहे तर विचारतो. आजोबांची जन्मनोंद १९६१ च्या आधीची, पोर्तुगीज अमलातली आहे, त्यावर मुलाचा पोर्तुगीज पासपोर्ट करून घेतला तर दुबईतल्या शाळेत काही फरक पडतो का?

रातांबा | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

शाळेत काही नाही. फरक परत आल्यावर पडतो. मूल भारतीय नागरिक राहत नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं ओसीआय कार्ड काढावं लागतं. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआयवाल्यांना मेडिकल-इंजिनिअरिंगला एनआरआय जागांपुरतंच ठेवलंय. त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये दिलासा दिला, नव्यांना नाही. गोव्यातले अर्धे लोक युरोपचं दार उघडायच्या नादात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजचं दार लावून घेतात. तुमचं मूल इकडे शिकणारच नसेल तर प्रश्न नाही.

माटोळी | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:२२

बांबोळीवरून आठवलं. गोमेकॉतल्या, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या, गोव्याच्या कोट्याला गोव्यातला रहिवास आणि गोव्यातलं शिक्षण यांच्या अटी असतात. आखातात अकरावी-बारावी केलेल्या मुलांचं तिथं अडतं. सवलती कुणाला ते दरवर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये असतं. तो आत्ताच वाचा, बारावीनंतर नको. आमच्या ओळखीत एकीनं याच कारणासाठी मुलीला अकरावीला आजीकडे डिचोलीला पाठवलं.

दोहाची_पोर | १२ फेब्रुवारी, रात्री १२:४०

सगळे आईबाबाच लिहितायत म्हणून मी लिहिते. पहिलीपासून बारावीपर्यंत दोह्यात, सीबीएसईच्या शाळेत. घर मूळ काणकोणचं.

शाळा छान होती. माझ्या बाकावर केरळ, लाहोर, कैरो सगळं बसलं. कुणाला कशाचा सण आहे हे आम्हाला डब्यावरून कळायचं. हे इथं राहून मिळालं नसतं.

वाईट काय ते पण सांगते. दरवर्षी सुट्टीआधी कुणीतरी ‘आम्ही जातोय’ म्हणायचं. सहावीत माझी सगळ्यात जवळची मैत्रीण गेली, आठवीत दुसरी. नववीत मी नवीन मैत्रीण केलीच नाही. आईला वाटायचं मी अभ्यासू झालेय. अंत्रुजकरकाका, थोरली या वयात मैत्रिणी सोडून जाणार आहे. तिला शाळा निवडताना बरोबर बसवा. निदान दोन शाळांशी व्हिडिओवर तिला स्वतः बोलू दे. माझ्या आईबाबांनी कधी विचारलं नाही, आणि मी ते अजून उगाळते (आई हे वाचत असशील तर सॉरी).

मास्तर म्हणतात ते फ्रेंचचं, ती मीच. ९८ मिळाले. आता फ्रेंच येत नाही, आणि मराठी पेपर वाचायला मला शेजारच्या पाचवीतल्या मुलीपेक्षा जास्त वेळ लागतो. हा धागा वाचायला दोन रात्री लागल्या.

एक कामाची गोष्ट. आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांना एनआयटीत वेगळ्या जागा असतात, सीआयडब्ल्यूजी म्हणतात, डासा या परदेशातून येणाऱ्यांच्या प्रवेश योजनेतल्या. फी परदेशी कोट्यापेक्षा बरीच कमी. प्रवेश जेईई मेन्सच्या रँकवर. पण अकरावी-बारावी परदेशात झालेली हवी. मी तशीच आले. म्हणजे माटोळीताईंच्या ओळखीतल्या मुलीला डिचोलीला आणून एक दार उघडलं आणि हे बंद झालं. दोन्ही दारं आधी बघा.

स्पष्टवक्ता_मडगाव | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

दोहाची पोर, सगळ्यांत शहाणी तूच निघालीस. माझा एक मुद्दा मागे घेतो: सीबीएसईच्या सगळ्याच शाळा खचाखच नसतात. दुबईतलं इंडियन हायस्कूल १९६१ पासून आहे, नफ्यासाठी चालवत नाहीत, नाव चांगलं आहे. (१९६१! तिकडे शाळा उघडली आणि इकडे आपण मुक्त झालो.) पण खालच्या वर्गांना तिथं झुंबड असते, धाकट्यासाठी आजच अर्ज करा.

अंत्रुजकर | १५ फेब्रुवारी, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं.

दोहाच्या पोरीचं वाचून काल थोरलीला समोर बसवलं. तिनं तीन वाक्यांत निकाल लावला. ‘मला डॉक्टर व्हायचं नाही. बारावी मला तिकडेच करायची आहे, मध्ये परत आणायचं नाही. आणि मी कुणाला व्हिडिओवर मराठीत शिकवणार नाही.’ शेवटचं धाकट्याबद्दल, कारण तो तिला रोज धडे विचारतो.

तेव्हा थोरली सीबीएसईत, नववी, एप्रिल. बारावीही तिकडेच. पाच वर्षांचं मी आता म्हणत नाही, बायको म्हणते निदान चार लिही. हिंदी घेणार. तिनं फ्रेंच मागितलं होतं, मास्तरांचं पोस्ट वाचायला दिलं. चिडली, पण मान्य केलं. ब्रिटिश शाळेचा मोह मला सुटला नव्हता हे कबूल करतो. पण वर्गवार फीचा तक्ता मागितला तर एका शाळेनं चार दिवसांत तीनदा माहितीपत्रक पाठवलं, तक्ता नाही.

कंपनीच्या माणसाला ते तिसरं विचारलं. माटोळीताई, हसला तो! पण दोन दिवसांनी मेल आला, चालू सत्राची फी कंपनी देईल म्हणून. छापून ठेवलाय.

धाकट्याचं अजून ठरत नाही. मराठी तिसरीचं पुस्तक बरोबर नेतोय, शनिवारी मी शिकवणार. मास्तर, दुबईत कुणी शिकवत असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

उद्या थोरलीच्या शाळेत जाऊन टीसीचं बोलतो आणि तिथून पर्वरीला शिक्षण खात्यात. जन्मदाखले काल कपाटातून काढले, नावं जुळतायत, देवाची कृपा. आईनं सगळे छान लॅमिनेट करून ठेवलेत, फाटायची भीती नाही.

माटोळी | १६ फेब्रुवारी, सकाळी ६:०५

लॅमिनेट???

अंत्रुजकर, लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारत नाहीत. आज पर्वरीला जायच्या आधी नगरपालिकेत जा आणि जन्मदाखल्याच्या नवीन प्रती काढा. आईंना काही बोलू नका.

टिवल्याबावल्या | १६ फेब्रुवारी, सकाळी ६:४०

आमच्या काकांचा विवाहाचा दाखला पण लॅमिनेट केलेला. तरीच बिचारे अजून मस्कतात अडकलेत.